धुळीचं वावडं

मराठीत 'अ‍ॅलर्जी' शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून 'वावडं' हा शब्द आहे. कुणाला वांग्याचं वावडं असतं, कुणाला शेंगदाण्याचं. सगळ्या पंगतीला खुशाल चालणारी गोष्ट एखाद्यालाच चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ. व्हिएन्नातला बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के याने 1906 साली दोन ग्रीक शब्द जोडून 'अ‍ॅलर्जी' हा शब्द घडवला, तेव्हा त्यालाही साधारण हेच म्हणायचं होतं: एखाद्या पदार्थाची ओळख झालेलं शरीर पुढच्या वेळी त्याच्याशी बदलून वागतं.

खाण्याचं वावडं बहुतेक वेळा लवकर लक्षात येतं. वांगं खाल्लं, घसा खाजला, झालं. घरातल्या धुळीचं तसं नाही. 'डस्ट अ‍ॅलर्जी आहे' हे वाक्य आज प्रत्येक वाड्यात-सोसायटीत ऐकू येतं, पण धूळ ही काही एक वस्तू नव्हे. तिच्यात माती असते, कपड्यांचे तंतू, केस, बुरशी, झुरळांचे तुकडे, माणसाच्या अंगावरचा कोंडा, असं काय काय असतं. यातलं नेमकं काय छातीत अडकतं, हे कळायला 1964 साल उजाडावं लागलं. तोवर तो आळ दुसऱ्याच कुणावर तरी येत राहिला. सर्वांत जास्त कुणावर आला, ते पुढे येईलच.

ही गोष्ट बऱ्याचदा 1552 सालापासून सांगितली जाते. स्कॉटलंडचा आर्चबिशप जॉन हॅमिल्टन कित्येक वर्षं दम्याने हैराण होता. त्याने इटलीहून जेरोलामो कार्दानोला बोलावून घेतलं. हा तोच कार्दानो, ज्याचं नाव गणितवाल्यांना घन समीकरणांमुळे माहीत असतं. वैद्य, ज्योतिषी, जुगारी आणि गणिती असा सगळा ऐवज एका माणसात होता. कार्दानोने एडिंबरोत काही आठवडे रुग्णाचं नुसतं निरीक्षण केलं आणि मग एक लांबलचक दिनचर्या लिहून दिली. आहार कसा असावा, झोप किती, अंघोळ कशी हे सगळं त्यात होतं, आणि एक सूचना अशी होती, की पिसांची गादी काढून टाका, त्याऐवजी रेशमाची वापरा. आर्चबिशपला आराम पडला. (पुढे 1571 साली राजकारणापायी त्याला फाशी झाली. त्यात दम्याचा काही संबंध नाही.)

अ‍ॅलर्जीवर लिहिणाऱ्यांना ही गोष्ट फार आवडते, आणि ती आहेही आवडण्यासारखी. पण कार्दानोची स्वतःची उपपत्ती अशी होती, की रुग्णाच्या मेंदूतला द्रव खाली फुप्फुसात झिरपतो. पिसं उष्ण, म्हणून ती नकोत. उपाय लागू पडला, कारण मात्र साफ चुकीचं. शिवाय एकाच वेळी आहार, झोप, अंघोळ आणि गादी सगळं बदलल्यावर गुण कशाने आला हे ठरवणार कसं? तर या गोष्टीवरून 'कार्दानोला सगळं ठाऊक होतं' असं म्हणू नये. एवढंच म्हणता येईल, की शोध घेणाऱ्याची नजर पहिल्यांदा अंथरुणाकडे गेली आणि मग तीनेकशे वर्षं तिथून हलली.

मधल्या काळात दुसरी एक गोष्ट मात्र सहज सापडली, ती म्हणजे मांजर. लंडनचा डॉक्टर हेन्री हाइड सॉल्टर याने 1860 साली दम्यावर मोठं पुस्तक लिहिलं. तो स्वतः दमेकरी होता, आणि मांजराच्या सहवासात आपल्याला कसा त्रास होतो याची त्याने बारकाईने नोंद केली आहे. ही गोष्ट त्याच्या ध्यानात का आली, हे आज सांगता येतं. मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या ग्रंथींत एक प्रथिन असतं. ते वाळून अतिशय बारीक कणांवर बसतं, तासन्‌तास हवेत तरंगतं, कपड्यांना चिकटून ज्या वर्गात कधी मांजर आलेलं नाही अशा शाळेच्या वर्गातही पोचतं. ज्याला ते सोसत नाही, त्याला खोलीत पाऊल टाकल्यावर काही मिनिटांत शिंका सुरू होतात. कारण आणि परिणाम एकामागोमाग येतात, त्यामुळे सॉल्टरसारख्या चौकस माणसाला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही.

गादीतल्या शत्रूचं वागणं याच्या बरोबर उलट होतं. तो रोज रात्री, आठ-आठ तास, थोडा थोडा छातीत जात होता. त्यामुळे 'हे केलं आणि ते झालं' असा क्षण कधी येतच नव्हता. दमेकऱ्याला नेहमीच बरं नसे. मार्सेल प्रूस्तचं उदाहरण पाहा. त्याचे वडील स्वच्छताशास्त्रातले नावाजलेले डॉक्टर. मुलाने 1910 साली पॅरिसमधल्या आपल्या निजण्याच्या खोलीच्या भिंतींना बुचाचं अस्तर लावून घेतलं, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि हा जड पांघरुणांत पडून लिहितोय. बाहेरचा आवाज नको, झाडांचे परागकण नकोत. औषध म्हणून धोतऱ्याची पूड जाळून तिची धुरी. (दम्यावर धोतरा ओढायची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासहून ब्रिटनला गेली आणि तिथून युरोपभर पसरली.) परागकणांपुरतं त्याचं बरोबर होतं. पण आज कुणी डॉक्टर त्या खोलीत गेला, तर आधी पडदे आणि पांघरुणंच बाहेर काढायला सांगेल.

विसाव्या शतकात हा शोध प्रयोगशाळेत गेला. फिलाडेल्फियाच्या रिचर्ड कर्न याने 1921 साली दाखवलं, की बऱ्याच दमेकऱ्यांच्या त्वचेवर त्यांच्याच घरातल्या धुळीचा अर्क टोचला तर गांधी उठते. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रॉबर्ट कुकने म्हटलं, की धुळीत केस, पिसं, पराग हे जे ओळखीचे पदार्थ आहेत त्यांच्यापलीकडचं काहीतरी आहे. मग चाळीस वर्षं रसायनशास्त्रज्ञ त्या 'काहीतरी'च्या मागे लागले. कापूस जुना झाला, सावरीचा कापूस कुजला, की त्यातून विषारी द्रव्य तयार होत असेल असाही एक तर्क होता. दरम्यान व्यवहार थांबला नव्हता. व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशव्यांतली धूळ गोळा करून, तिचा अर्क काढून, तो रुग्णांना टोचला जाई. आपण काय टोचतोय हे माहीत नसताना टोचत राहण्याचा हा मासलेवाईक नमुना म्हणायला हरकत नाही. तरी काहींना त्याचा गुण येई, हेही खरं.

याच काळात दोघेजण उत्तराच्या अगदी जवळ जाऊन आले. हॉलंडमधल्या लायडन शहरात विलेम स्टॉर्म फान लेउवेन याला दिसलं, की दमेकरी ओलसर जमिनीच्या भागांत जास्त आहेत, आणि तेच लोक स्वित्झर्लंडच्या डोंगरांत गेले की मोकळा श्वास घेतात. त्याने रुग्णांसाठी शुद्ध केलेल्या हवेच्या बंद खोल्या बांधल्या. तिथेही त्यांना बरं वाटे. दुसरा होता जर्मनीतला हेर्मान डेकर. त्याने 1928 साली सरळ लिहिलं, की दमेकऱ्यांच्या अंथरुणात माइट सापडतात आणि गाद्या नीट साफ केल्या तर रुग्ण सुधारतात. या लेखाकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

माइट म्हणजे काय, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. मिरचीवर, वांग्यावर पडणारा लाल कोळी हा त्याच गणगोतातला. आठ पायांचा, म्हणजे किडा नव्हेच, कोळ्याचा भाऊबंद. अंथरुणातला त्याहून लहान, जेमतेम पाव-तीस शतांश मिलिमीटरचा आणि जवळपास पारदर्शक. त्याचं नाव डर्मॅटोफॅगॉइडिस, ग्रीकमध्ये 'कातडीखाऊ' अशा अर्थाचं. कातडी म्हणजे आपल्या अंगावरून रोज गळणारा कोंडा. तो चावत नाही, रक्त पीत नाही. पाणीही पीत नाही. हवेतला दमटपणा शोषूनच त्याची तहान भागते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, की या इतिहासातली निम्मी कोडी सुटतात.

पण ती सुटायच्या आधी मध्ये एक वाईट प्रकरण आहे. जिथे दिसेल असं कारण नसतं, तिथे माणूस जवळच्या माणसाकडे बोट दाखवतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत मनोविश्लेषणाचा जोर होता. शिकागोच्या फ्रान्झ अलेक्झांडरच्या मांडणीत दमा हा मनातून येणाऱ्या मोजक्या आजारांपैकी एक होता, आणि मुलाची घरघर म्हणजे आईसाठी फोडलेला पण आत दाबलेला हंबरडा होता. अतिकाळजी करणारी आई, मनातून मूल नको असलेली आई, अशा आयांच्या तऱ्हा लिहिल्या गेल्या. याला पुरावा काय? तर डेन्व्हर. कोलोरॅडोतल्या त्या शहरात दमेकरी मुलांसाठी एक निवासी संस्था होती. देशभरातून बरी न होणारी मुलं तिथे पाठवली जात आणि त्यातली बरीच महिन्याभरात खुलून निघत. मरे पेश्किन या डॉक्टरने याचं श्रेय आईबापांपासून दूर होण्याला दिलं आणि त्या उपचाराला नावही दिलं: 'पॅरेंटेक्टमी'. टॉन्सिल काढून टाकावेत तसे आईबाप काढून टाकायचे.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरवर आहे, आणि तिथली हवा कोरडी ठणठणीत. हवेतून पाणी पिणाऱ्या जिवाचं तिथे भागत नाही. मूल आईपासून दूर गेलं होतं हे खरंच. पण ते आपल्या गादीपासूनही दूर गेलं होतं.

न्यायाने सांगायचं तर मनाचा दम्याशी काहीच संबंध नाही असं नाही. 1969 साली केनेथ पर्सेल आणि सहकाऱ्यांनी उलटा प्रयोग केला. मूल घरातच ठेवलं आणि घरच्यांना काही दिवस हॉटेलात पाठवलं. काही मुलं तेव्हाही सुधारली. ताण, रडणं, भीती यांनी झटका वाढतो हे कुणीही दमेकरी सांगेल. पण ज्या शेकडो आयांना तुमच्या प्रेमामुळे मूल गुदमरतंय असं ऐकून घ्यावं लागलं, त्यांच्यापुढे हा तपशील ठेवून काही भरपाई होत नाही. आणि त्याच डेन्व्हरच्या संस्थेच्या प्रयोगशाळेत, मुलांच्या वसतिगृहाच्या शेजारी, किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी जोडपं अ‍ॅलर्जी घडवणारी प्रतिपिंडं शोधत होतं. चाचण्यांसाठी त्यांनी स्वतःच्या पाठी वापरल्या. 1966 साली त्यांनी ती शोधली. आज आपण रक्ताच्या रिपोर्टवर 'आयजीई' वाचतो, ती हीच.

लायडनमध्ये एव्हाना स्टॉर्म फान लेउवेनच्या वारशाला नवा धनी मिळाला होता. राइंडर्ट फोरहोर्स्ट हा अ‍ॅलर्जीचा डॉक्टर होता. त्याने निरनिराळ्या घरांतल्या धुळीचे अर्क ताडून पाहिले. ओलसर घरातली धूळ कोरड्या घरातल्या धुळीपेक्षा कितीतरी तेज. गादीतली धूळ जमिनीवरच्या धुळीपेक्षा तेज. आणि शरद ऋतूत सगळीच धूळ जास्त तेज. रसायनशास्त्रज्ञाला हे कोडं वाटलं असतं. पण जीवशास्त्रज्ञाला यातून सरळ दिसतं, की ही वस्तू वाढते, हिला ऋतू आहेत, म्हणजे ही जिवंत आहे. फोरहोर्स्टच्या सोबत फ्रिट्स स्पीक्स्मा आणि मारिसे स्पीक्स्मा-बूझमान हे जीवशास्त्रज्ञ होते. त्यांनी धूळ सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि माइट मोजले. 1964 साली त्यांनी प्रश्नचिन्हासह पहिला लेख लिहिला: धुळीतला अ‍ॅलर्जी घडवणारा पदार्थ हा माइट तर बनवत नसेल? मग माइट वेगळे वाढवले, त्यांचा अर्क काढला, आणि त्याची रुग्णांवरची प्रतिक्रिया धुळीच्या अर्काशी जुळली. 1967 सालच्या लेखात प्रश्नचिन्ह उरलं नव्हतं. जपानमध्येही मियामोतो आणि ओशिमा यांचा गट त्याच सुमारास, दुसऱ्या एका जातीच्या माइटवरून, याच निष्कर्षाला पोचला.

शेवटचा दुवा जुळला 1981 साली. युअन टोव्ही, मार्टिन चॅपमन आणि थॉमस प्लॅट्स-मिल्स यांनी दाखवलं, की त्रास मुख्यतः माइटचा नाही, त्याच्या विष्ठेचा आहे. एक माइट दिवसाला अशा वीसेक गोळ्या टाकतो. प्रत्येक गोळी परागकणाएवढी. तिच्यात माइटच्या पचनाचं एक प्रथिन असतं, प्रथिनांचेच तुकडे करणारं. गोळी जड असल्यामुळे हवेत फार वेळ राहत नाही. चादर झटकली की उडते आणि अर्ध्या तासाच्या आत खाली बसते. सॉल्टरला मांजर सापडलं आणि कार्दानोला माइट सापडला नाही, याचं उत्तर या एका मापात आहे. मांजर हवेत राहतं, माइट उशीत राहतो, आणि आपण नाक उशीला लावून झोपतो.

या सगळ्याला दुजोरा मिळाला तो अगदी अनपेक्षित ठिकाणाहून. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातले साउथ फोरे लोक वैद्यकाच्या इतिहासात 'कुरू' या मेंदूच्या रोगामुळे प्रसिद्ध आहेत. 1970च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यांच्यात दमा जवळपास नव्हताच, हजारात एखादा. दहाएक वर्षांत तो प्रौढांमध्ये सात टक्क्यांच्या वर गेला. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी त्यांच्या झोपड्या तपासल्या. जमिनीवरच्या धुळीत माइट फारसे नव्हते. होते ते घोंगड्यांत, एका ग्रॅम धुळीत हजाराहून जास्त. बाहेरून आलेली ही घोंगडी लोक दिवसभर अंगावर घेत, रात्री पांघरत, आणि ती क्वचितच धूत. झोपडी तीच, धूर तोच, माणसं तीच होती. नवीन होती ती ऊब. ज्यांनी ती दिली त्यांचा हेतू वाईट होता असं म्हणायची सोय नाही, डोंगरात थंडी असतेच. ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते.

गुन्हेगार सापडला म्हणजे प्रश्न सुटला, असं मात्र झालं नाही. प्लॅट्स-मिल्सने लंडनमध्ये नऊ दमेकऱ्यांना काही महिने इस्पितळाच्या खोल्यांत ठेवलं. 1982 साली त्याने लिहिलं, की बहुतेकांचा दमा चांगलाच निवळला. मग घरी तेच करून पाहायचं ठरलं. माइटना आरपार जाता येणार नाही अशा घट्ट विणीच्या खोळी गाद्यांवर चढवल्या. 2003 साली ब्रिटनमधल्या हजाराहून जास्त प्रौढ दमेकऱ्यांवरच्या चाचणीत अशा खोळींचा काहीच फायदा दिसला नाही. त्यानंतरच्या आढाव्यांनीही खोळी, फवारे, व्हॅक्यूम क्लीनर यांतल्या सुट्या उपायांबद्दल हात वर केले. घर म्हणजे इस्पितळ नव्हे. गादीला खोळ घातली तरी सोफा आहे, गालिचा आहे, मुलाचं मऊ अस्वल आहे. 2004 सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासात, शहरी गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी, एकाच वेळी अंथरूण, झुरळं, धूर अशा सगळ्या आघाड्यांवर काम केलं तेव्हा कुठे त्रासाचे दिवस कमी झाले. तिथे झुरळं ही माइटपेक्षा मोठी डोकेदुखी होती. म्हणजे कुणाला कशाचं वावडं होणार, हे बऱ्याच अंशी तो कसल्या घरात राहतो यावर ठरतं, आणि ते घर त्याने निवडलेलं असतंच असं नाही.

आपल्याकडे आयांवरचा आरोप फक्त बदलला आहे. आता त्यांचं प्रेम जास्त होत नाही, झाडलोट कमी पडते. मुलाला शिंका आल्या की सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांची नजर कोपऱ्यातल्या जळमटांकडे जाते, आणि ती बाई दिवसातून दोनदा खराट्यासारखा झाडू फिरवू लागते. कोरडा झाडू माइटचं काही बिघडवत नाही. खाली बसलेलं तेवढं पुन्हा हवेत येतं. ओल्या फडक्याने पुसलेलं बरं. पण फरशी हा मुळात मुख्य अड्डाच नाही. लखलखीत घरातल्या गादीतही माइट सुखाने नांदतात, कारण त्यांना घाण लागत नाही, आपण लागतो आणि ओल लागते. आणि उदबत्तीच्या किंवा कॉइलच्या धुराने जो खोकला येतो, तो बहुधा वावड्याचा नव्हे, निव्वळ धुराच्या चुरचुरीचा. दोन्ही एकत्र असले की डॉक्टरलाही गुंता सोडवावा लागतो.

पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात घटस्थापनेच्या आधी 'दसरा काढतात'. घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं, वाकळा, गोधड्या नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुतात आणि उन्हात पसरतात. पावसाळाभर दमट राहिलेल्या गोधडीत माइटची वाढ जोमात असते, त्यामुळे वेळ अचूक आहे. गार पाण्याने माइट फारसे मरत नाहीत, त्याला पंचावन्न अंशांच्या वरचं पाणी लागतं, पण त्यांची घाण मात्र बरीचशी वाहून जाते. बाकीचं काम ऊन करतं. टोव्ही आणि अ‍ॅन वूलकॉक यांनी 1994 साली सिडनीत सतरंज्या काही तास कडक उन्हात घालून हे तपासलंही आहे. आता यावरून कुणी 'आपल्या पूर्वजांना माइट माहीत होते' अशी फॉरवर्ड फिरवू नये. दसरा काढणाऱ्या बायकांना माइट ठाऊक नव्हता, कार्दानोलाही नव्हता. गोधडीला कुबट वास येतो, हे ठाऊक होतं.

गोधडी पसरायला अंगण लागतं, धुवायला घाट. फोमची गादी नदीवर नेता येत नाही आणि दहाव्या मजल्यावरच्या खिडकीच्या जाळीवर वाळतही नाही. माइट मरायला हवेतली आर्द्रता बराच काळ पन्नास टक्क्यांच्या खाली राहावी लागते. जुलैच्या मुंबईत ती बाहेर ऐंशीच्या वर असते, आणि भिंतीला ओल धरलेल्या भाड्याच्या खोलीत आत किती असते, हे हाताने चाचपूनही कळतं. ती उतरवायची तर तास न्‌ तास एसी चालवायला हवा, किंवा घरमालकाने गच्चीचं वॉटरप्रूफिंग तरी करायला हवं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर यातलं काहीच लिहिता येत नाही. तिथे लिहिलेलं असतं, 'धुळीपासून दूर राहा.'